राणीचा मुकुट आणि मनमाडचा गँगमन

राजमुकुटाचे इतिहासकार रत्नांची वंशावळ सांगतात. ती खणणाऱ्यांची सांगत नाहीत. पंचम जॉर्जची राणी मेरी हिचा १९११ चा मुकुटच घ्या. लंडनच्या गॅरार्ड पेढीने तो घडवला. सुमारे २,२०० हिरे आणि आठ अर्धकमानी. कमानी काढून नुसते कडेही डोक्यावर घालता यावे, अशी सोय त्यात होती. दर्शनी भागी कोहिनूर. १८४९ मध्ये दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तहाच्या कलमाने उकळलेला. वर शिखरावर आणि खाली पट्टीवर कलिनन हिऱ्याचे दोन तुकडे. मूळ कलिनन ३,१०६ कॅरटचा, १९०५ मध्ये ट्रान्सवालच्या खाणीत निघाला. हिऱ्याला नाव मिळाले ते खाणमालकाचे. खाणीत राबणारे काळे मजूर अनामिकच राहिले.

१९१४ मध्ये हे तिन्ही हिरे काढून जागी स्फटिकाच्या प्रतिकृती बसवल्या. राजवैभवाला तेवढेही पुरते! कोहिनूर पुढे सुनेकडे, राणी एलिझाबेथच्या प्लॅटिनमच्या मुकुटात गेला. तो तिने १२ मे १९३७ च्या राज्यारोहणात घातला.

त्यानंतर बरोबर नऊ महिन्यांनी, १२ फेब्रुवारी १९३८ रोजी, त्याच साम्राज्याच्या जी.आय.पी. रेल्वेवरील अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला सुरू झाली. अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी इथेच बजावले. केवढा साधा दाखला त्यांनी दिला! अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरही होता येत नाही. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात, आणि स्टेशनमास्तर सवर्ण असतो. लंडनचा सोनार चिमट्याने रत्नाची जागा बदलत होता. रुळावरच्या माणसाची जागा मात्र जातीने पक्की केली होती, आणि सरकारी रेल्वेने ती तशीच चालवून घेतली.

६ मे २०२३ रोजी राणी कॅमिलाने मेरीचाच मुकुट घातला. चार कमानी काढल्या होत्या. कोहिनूर नव्हता, भारतातील रोष नको म्हणून तो टाळला, असे सर्वत्र बोलले गेले. कलिननचे ते दोन तुकडे मात्र पुन्हा जागेवर आले, वर तिसराही जोडला.

कोहिनूर परत आणा, ही मागणी आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहे. मागणारे तो कोणाचा म्हणून मागतात? रणजितसिंगाचा, मोगलांचा, फार तर देशाचा. खाणीत उतरणाऱ्याचा म्हणून तो कोणी मागितल्याचे माझ्या वाचनात नाही.