तटाच्या आतले, तटाबाहेरचे

दरवर्षी ३ फेब्रुवारीला लॅटिन विधीच्या आपल्या देवळांतून मिस्सा आटोपल्यावर धर्मगुरू दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून भाविकांच्या गळ्याशी नेतात आणि संत ब्लेझच्या मध्यस्थीने घशाच्या व्याधींपासून रक्षण मागतात. बालपणी या विधीची नुसती मौज वाटे. हा संत कोण, कोठला, हे विचारण्याची बुद्धी फार उशिरा होते. संत ब्लेझ हे आर्मेनियातील सेबास्ते नगराचे महागुरू. चौथ्या शतकाच्या आरंभी त्यांनी हौतात्म्य पत्करले. परंतु त्यांच्या नावाचा सर्वांत मोठा उत्सव सेबास्तेत होत नाही, तो क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील दुब्रोवनिक नावाच्या तटबंद शहरात होतो. दहाव्या शतकात व्हेनिसचे आरमार शहरावर चालून आले असता या संताने एका धर्मगुरूला दर्शन देऊन सावध केले, अशी तेथील श्रद्धा आहे. तेव्हापासून ते शहराचे आश्रयदाते संत झाले. तटावर आणि वेशींवर त्यांच्या मूर्ती आहेत, आणि त्यांपैकी अनेकींच्या हातात त्या शहराचीच छोटी प्रतिकृती आहे. ज्या महागुरूंनी हे शहर हयातीत कधी पाहिले नाही, त्यांच्याच हाती लोकांनी ते सोपवले!

उलट, याच शहरात १७११ मध्ये जन्मलेला रुजेर बोश्कोविच हा येशूसंघीय धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ चौदाव्या वर्षीच रोमला गेला. रोमच्या संत पेत्र महामंदिराच्या घुमटाला तडे गेले तेव्हा पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी ज्या गणितज्ञांचा सल्ला घेतला, त्यांत तो होता. पदार्थाच्या घटनेविषयी त्याने मांडलेला सिद्धांत १७५८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि युरोपभर गाजला. पण त्याचे आयुष्य परदेशातच गेले आणि १७८७ मध्ये मिलानला त्याने देह ठेवला. आज दुब्रोवनिक या दोघांनाही आपला म्हणते, जो कधी आला नाही त्याला आणि जो निघून गेला त्यालाही. आपल्या गोव्यात जुन्या गोव्याजवळील गवंडाळी गावी संत ब्लेझ यांच्या नावाचे एक जुने चर्च आहे. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या दुब्रोवनिकच्या व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध असावा, असे काही अभ्यासक मानतात. माणसे आपला संत गाठोड्यात बांधूनच निघतात, एवढे खरे.

हे सारे आठवण्याचे कारण आमचे चांदा. १९६४ पासून कागदोपत्री ते चंद्रपूर झाले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी चांदाच आहे. हेही तटबंद शहर आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या त्याच्या चार वेशी. शिवाय लहान खिडक्या. वेशींवर संतांच्या मूर्ती नाहीत, गोंड राजांचे चिन्ह आहे : हत्तीला नमविणारा सिंह. या शहराशी निगडित थोर माणसे कोण, असे शाळेत विचारले की मुले पाचसहा नावे सांगतात. आपल्या ख्रिस्ती घरांतील मुलेही तीच सांगतात, आणि मग घरी येऊन विचारतात : "आपल्यातले कोणी नाही का?" या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी ती पाचसहा नावे तरी नीट तपासली पाहिजेत.

पहिले नाव शहर वसविणाऱ्या खांडक्या बल्लाळशाहाचे. हा राजाच मुळी बाहेरून आलेला. राजधानी होती वर्धा नदीकाठच्या बल्लारपुरास. दंतकथा सांगते की राजाच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. शिकारीस निघालेल्या तहानलेल्या राजाने झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका कुंडाचे पाणी प्याले आणि त्या गाठी नाहीशा झाल्या. पुढे त्याच परिसरात एका सशाने राजाच्या कुत्र्याचाच पाठलाग केल्याचे दिसले. ज्या भूमीत ससा कुत्र्यावर उलटतो तेथे शहर वसवावे, असा सल्ला राणीने दिला आणि ससा धावला त्या मार्गाने तटाची आखणी झाली. कथेतील सत्य किती हे सोडून देऊ. पण एक रोगी माणूस या मातीत येऊन बरा होतो आणि येथेच राहतो, अशी आपल्या उगमाची कथा सांगणारे शहर मला तरी लोभस वाटते.

दुसरे नाव राणी हिराईचे. बीरशाह राजाचा त्याच्याच हिरामण नावाच्या अंगरक्षकाने खून केला असे परंपरा सांगते. पदरी मुलगा नव्हता. हिराईने चंदनखेड्याच्या घराण्यातील मुलगा दत्तक घेतला. तोच पुढचा रामशाह. तो अज्ञान असेतो तिने राज्यकारभार पाहिला. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा काळ. भोवताली मोगलांची आणि देवगडकरांची धामधूम असताना एका विधवेने राज्य राखले, पतीची देखणी समाधी उभारली आणि महाकालीचे मंदिर बांधले. आजही चैत्र पौर्णिमेला त्या देवळाची मोठी यात्रा भरते आणि मराठवाड्यातून भाविक येतात. शहराची प्रतिकृती कोणाच्या हाती द्यायची झाली तर मी ती हिराईच्या हाती देईन. आपल्या इतिहासलेखकांनी तिला एकदोन परिच्छेदांच्या पलीकडे जागा दिली नाही, ही खंत नोंदवतो आणि पुढे जातो.

१७५१ च्या सुमारास गोंडांचे राज्य भोसल्यांकडे गेले. मे १८१८ मध्ये इंग्रजी तोफांनी तट फोडला तेव्हा किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला.

त्यानंतरचे नाव बाबुराव शेडमाके यांचे. यांचा शहराशी संबंध फार विलक्षण. ते अहेरीच्या अरण्यातील मोलमपल्लीचे जमीनदार. आज तो मुलूख १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. गोंड, माडिया आणि रोहिले तरुणांची फौज जमवून मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारायंत्र खात्याच्या छावणीवर हल्ला झाला आणि गार्टलँड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याने तेव्हा अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई हिच्यावर दडपण आणले. तिच्या माणसांनी १८ सप्टेंबर १८५८ रोजी बाबुरावांना पकडले. २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. वय अवघे पंचवीस. लक्ष्मीबाईला जप्त झालेल्या जमीनदाऱ्यांतील गावे इनाम मिळाली. तिला दोष देणे आज सोपे आहे. तिच्या जागी उभे राहून निर्णय घेणे सोपे नव्हते. तुरुंगातील पिंपळापाशी दरवर्षी बाबुरावांचे स्मरण होते, आणि २००९ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. ज्या माणसाचा या शहराशी सर्वांत गाजलेला संबंध फाशीच्या दोराचा, तो शहराच्या थोरांत वरच्या पंक्तीला बसला. बाहेरचा आणि आतला हा भेद येथे टिकत नाही.

आता "आपल्यातले" कोण, या प्रश्नाकडे वळतो. या शहरात ख्रिस्ती सुवार्ता प्रथम रुजविली ती कॅथलिकांनी नव्हे. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने १८७० नंतर येथे मिशन काढले आणि त्याच्या पहिल्या कार्यकर्त्यांत इस्रायल जेकब हे भारतीय धर्मगुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांडर वुड आले. चांद्यातील या कार्यावर त्यांनी १९०६ मध्ये पुस्तक लिहिले. पुढे ते आधी छोटा नागपूरचे आणि १९२६ पासून नागपूरचे अँग्लिकन बिशप झाले. त्यांच्या नावाशी एक कटू प्रकरणही जोडलेले आहे. ऑक्सफर्डहून आलेला तरुण धर्मगुरू व्हेरियर एल्विन १९३२ मध्ये शामराव हिवाळे या आपल्या मराठी ख्रिस्ती सोबत्यासह मैकल पर्वतातील गोंडांत राहावयास निघाला. तो गांधीजींच्या निकटचा, म्हणून सरकारच्या डोळ्यांवर आलेला. बिशप वुड यांनी त्याच्याकडे राजनिष्ठेची शपथ मागितली. एल्विनने ती नाकारली. त्याला धर्मसेवेचा परवाना मिळाला नाही. १९३५ मध्ये एल्विनने चर्च सोडले. चांद्याच्या गोरगरिबांत वर्षे काढलेल्या माणसाला, गोंडांसाठी सर्वस्व सोडून निघालेल्या दुसऱ्या माणसात आपला बंधू दिसू नये, हे वाचताना मन विषण्ण होते. आपण कॅथलिकांनी येथे समाधानाने मान डोलवू नये. साम्राज्य आणि सुवार्ता यांची अशी गल्लत आपल्याकडेही झाली आहे.

कॅथलिकांचे येथील कार्य आधी नागपूर धर्मप्रांताच्या कक्षेत होते आणि तो धर्मप्रांत संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघातील मिशनऱ्यांनी सांभाळला होता. ३१ मार्च १९६२ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी चांद्याचे क्षेत्र वेगळे करून केरळमधील सीएमआय संघाच्या धर्मगुरूंकडे सोपविले. हा निर्णय केवळ आमच्या जिल्ह्यापुरता महत्त्वाचा नाही. सिरो-मलबार चर्च हे प्रेषित संत थोमा यांचा वारसा सांगणारे भारतातील प्राचीन चर्च. परंतु केरळबाहेर स्वतःचे मिशन क्षेत्र त्याला तोवर मिळाले नव्हते. ते पहिले मिळाले चांद्यात. मोन्सिन्योर जानुआरियस पालाथुरुथी हे त्याचे पहिले प्रमुख. १९७७ मध्ये चांदा हा पूर्ण धर्मप्रांत झाला तेव्हा तेच त्याचे पहिले महागुरू झाले आणि १९९० पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्यामागून विजय आनंद नेडुंपुरम यांनी २०१४ पर्यंत धुरा वाहिली. १९९९ मध्ये तेलुगू भाषेचा आदिलाबाद प्रदेश वेगळा धर्मप्रांत झाला. महामंदिर मात्र चंद्रपुरात नाही, बल्लारपुरात आहे. खांडक्या बल्लाळशाह बल्लारपूर सोडून चांद्याला आला. ख्रिस्तसभेने नाव चांद्याचे घेतले आणि ठाणे मांडले बल्लारपुरात. इतिहासाला अशी थट्टा करण्याची सवय आहे.

नारळीपोफळीच्या प्रदेशातून आलेल्या त्या धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना मे महिन्यातील चांद्याचे ऊन, सागवानी अरण्यातील हिवताप, आणि मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया अशा भाषांचा मेळ हे सारे एकदमच भेटले असणार. घरी मलयाळम, उपासनेला सुरियानी परंपरा, शाळेत मराठी. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याही थोरांच्या यादीत येणार नाहीत. त्याच १९६२ साली चांद्याचे मा. सां. कन्नमवार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. लहानपणी वर्तमानपत्रे विकून पोट भरणारा हा माणूस त्या पदावर असतानाच वर्षभरात निवर्तला. यादीत त्यांचे नाव असते आणि ते असावेच. यादीत हिंगणघाटात जन्मलेले आणि १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारणारे बाबा आमटे असतात. तेही दुसऱ्या गावाहून आलेले. तेव्हा बाहेरून आला म्हणून एखाद्याचे नाव गाळायचे, असा नियम केला तर यादी बहुधा कन्नमवारांपाशीच थांबेल.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, रेल्वे यांच्या निमित्ताने केरळ, तेलंगण, छोटा नागपूर, गोवा अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहिल्या तर आजोबांचे जन्मस्थान एका राज्यात, वडिलांचे बल्लारपुरात आणि नातवाचे चंद्रपुरात, असा क्रम अनेक घरांत सापडेल. या तिसऱ्या पिढीची बोली मराठी आहे आणि तीही वऱ्हाडी-झाडीपट्टीच्या वळणाची.

पहिल्या पिढीतील माणसे आता थोडी उरली आहेत. ज्या वाचकांच्या घरी १९६२ च्या आगेमागे आलेल्या धर्मगुरूंची वा धर्मभगिनींची पत्रे, पहिल्या शाळांची छायाचित्रे, जुन्या मिस्सेच्या मराठी भाषांतराची हस्तलिखिते असतील, त्यांनी ती फेकून देऊ नयेत. निदान त्यांची एक प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवावी. छायाचित्रांच्या मागे नावे आणि साल आजच लिहून ठेवावे, कारण ती ओळखणारे डोळे उद्या असतीलच असे नाही.