गुणांचा धनी कोण?

वसंत व्याख्यानमाला भरते ती बहुधा परीक्षा आणि निकाल यांच्या मधल्या दिवसांत. मांडवात बसलेल्या कित्येक आईबापांचे कान वक्त्याकडे असतात आणि चित्त मुलांच्या गुणपत्रिकेकडे. म्हणून त्याच विषयाची, पण जरा दूरच्या देशातली, हकीकत सांगावयाचे आम्ही योजिले आहे.

आपल्याकडे परीक्षेची तारीख ठरविणे हे मुलाचे काम नव्हते. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर उत्तीर्ण झाले. तारीख वरून यावी आणि आपण बसावे, ही रीत तेव्हापासूनची. अमेरिकेत मात्र परीक्षेस केव्हा बसावे आणि मिळालेले गुण कोणत्या कॉलेजास कळवावे, हे दोन्ही निर्णय आज सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडे आहेत. हा अधिकार त्याच्याकडे कसा आला आणि त्याने त्याचे कल्याण झाले काय, हे पाहण्याजोगे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले प्रत्येक मोठे कॉलेज स्वतःची प्रवेश परीक्षा घेई आणि स्वतःचा अभ्यासक्रम नेमी. एकाच वर्गातल्या चार मुलांना चार कॉलेजांत जावयाचे असले, तर हेडमास्तरांनी चार तऱ्हेची तयारी करून घ्यावी! या गोंधळाला कंटाळून १९०० साली काही कॉलेजांनी आणि शाळांनी मिळून एक सामाईक परीक्षा मंडळ स्थापन केले. जून १९०१ मध्ये त्याची पहिली परीक्षा झाली. अमेरिकेतल्या ६७ आणि युरोपातल्या दोन केंद्रांवर मिळून ९७३ विद्यार्थी बसले. उत्तरे निबंधवजा लिहावयाची. आणि शेरे पाच – उत्कृष्ट, चांगला, संशयास्पद, वाईट, फार वाईट.

२३ जून १९२६ रोजी या मंडळाने निराळी परीक्षा आणली, तीच पुढे ‘सॅट’ म्हणून प्रसिद्ध झाली. पहिल्या खेपेस सुमारे आठ हजार मुले बसली. दीड तासाहून थोड्या अधिक वेळात तीनशेंवर लहान लहान प्रश्न सोडवावयाचे होते. या परीक्षेच्या मापात मात्र एक खोट होती. त्या दिवशी बसलेल्या मुलांची सरासरी ५०० धरून इतरांचे गुण काढीत. म्हणजे दर बाजाराला पायली वेगळी! हुशार मुलांच्या गर्दीत बसलेल्याचे गुण उतरत, कच्च्यांच्या संगतीत बसलेल्याचे चढत. अशा स्थितीत कोणत्या खेपेस बसावे हा निर्णय म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ. एप्रिल १९४१ मध्ये बसलेल्या मुलांचा गट हीच कायमची पायली ठरविण्यात आली आणि पुढच्या खेपांचे गुण तिच्याशी जुळवून घेऊ लागले. त्यानंतरच ‘तारीख तुला सोईची ती निवड’ असे मुलाला न्यायाने म्हणता येऊ लागले. तारीख निवडण्याचे स्वातंत्र्य मापाच्या सचोटीवर उभे असते, हे आम्हांस या इतिहासातले पहिले मर्म वाटते.

परंतु गुण अजून मुलाचे नव्हते. १९५८ पर्यंत मंडळ ते शाळेला आणि कॉलेजला कळवी. ज्याने परीक्षा दिली त्याला मात्र थेट कळवीत नसे. मुलाचे मन खचेल, अशी वडीलधाऱ्यांची भीती! १९५८ साली हा पडदा दूर झाला. पुढे २००९ साली अनेक खेपांपैकी कोणत्या खेपेचे गुण पाठवावे, हेही मुलाने ठरवावे अशी सवलत मिळाली. काही विद्यापीठे मात्र सगळ्या खेपांचे गुण मागतच राहिली.

आजची रीत अशी. पुष्कळ मुले शाळेच्या शेवटून दुसऱ्या वर्षीच्या वसंतात एकदा बसतात आणि अखेरच्या वर्षीच्या शरदात पुन्हा. ज्यांना लवकरचा निकाल हवा, त्यांचे अर्ज बहुधा नोव्हेंबरच्या आरंभी जातात; इतरांचे जानेवारीच्या सुमारास. चार ठिकाणी गुण फुकट पाठविता येतात, पण ती नावे परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत द्यावी लागतात, आणि गुण कळतात ते त्यानंतर. म्हणजे पैसे वाचवावयाचे तर डोळे मिटून निवडावे. पाहून निवडावयाचे तर पैसे मोजावे. 

याहून बोधप्रद गोष्ट पुढची. बोडिन नावाच्या कॉलेजाने १९६९ सालीच गुण पाठविणे ऐच्छिक केले होते. २०२० च्या महामारीत परीक्षा केंद्रे बंद पडली आणि बहुतेक नामांकित विद्यापीठांनी तोच मार्ग धरला. हेतू उदार होता. पण २०२४ साली डार्टमथ कॉलेजातल्या अभ्यासकांना असे आढळले, की सामान्य परिस्थितीतली कित्येक मुले आपले गुण कमी समजून झाकून ठेवीत होती. वास्तविक त्या परिस्थितीतून आलेल्या मुलाचे तेवढे गुण प्रवेशास उपयोगीच पडले असते. त्यांना तसे सांगणारे मात्र जवळ कोणी नव्हते. त्या कॉलेजाने परीक्षा पुन्हा आवश्यक केली; एमआयटीने ती २०२२ मध्येच केली होती.

मुलाला गुणांचा धनी केले, पण त्या धनाचे मोल त्याला सांगितले नाही, तर तो धनी नावाचाच. ज्या घरी जाणता सल्लागार आहे, तेथे स्वातंत्र्य ही संधी ठरते; जेथे नाही, तेथे तो नवा जाच होतो.

हा प्रश्न आता सातासमुद्रापलीकडचा राहिलेला नाही. इंजिनिअरिंगची ‘जेईई मेन’ परीक्षा २०१९ पासून वर्षात एकाहून अधिक वेळा होऊ लागली आणि त्यांतले चांगले गुण धरण्यात येऊ लागले. एका खेपेत बसावे की दोन्हींत, दुसरी खेप घेताना बारावीची तयारी मागे पडेल काय, हे हिशेब आपल्याही घरांत सुरू झाले आहेत. शहरातला मुलगा क्लासच्या मास्तरांना विचारतो. तालुक्याच्या गावची मुलगी कोणाला विचारणार? आपल्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ एखादा निवृत्त शिक्षक या मुलांसाठी बसला, तर तिला निदान विचारावयास एक दार तरी राहील.