घराचा गिलावा : हिशेब आणि हक्क

मंडळी, दिवाळी उरकली, भात झोडून घरात आले, की आमच्या कडावच्या बाजूला माणसाची नजर घराच्या भिंतींकडे वळते. कर्जत-खालापूरचा पाऊस तुम्हांला ठाऊक आहेच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, आणि वाऱ्याबरोबर आडवा येऊन पश्चिमेच्या भिंतीला झोडपतो. कुठे पोपडे सुटलेले, कुठे शेवाळ, कुठे पायाजवळ ओल वर चढलेली. मग ओटीवर बोलणे निघते : यंदा गिलावा करून घ्यायचा का? किती लागतील? आणि पंचायतीत अर्ज करावा लागेल का?

प्रश्न घरगुती आहेत, पण त्यांच्या मागे बराच इतिहास आहे.

आपल्याकडचे जुने घर म्हणजे कुडाचे. कारवीच्या काठ्या उभ्या करून बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भाताचा तूस कालवून लिंपायच्या. या लिंपणाला पैसा लागत नसे. माती रानातली, शेण गोठ्यातले, हात घरच्या बायकांचे. खर्च मोजायचा तो दिवसांत. दरवर्षी पावसाने भिंत झिजायची आणि दरवर्षी ती पुन्हा लिंपली जायची. झिजणे हा तिचा दोष नव्हता बरे का! झिजायचे ते लिंपणाने, आतली कारवी शाबूत राहायची.

ही अडाण्यांची युक्ती म्हणून कुणी हसू नये. अजिंठ्याच्या लेण्यांत जी चित्रे आहेत, त्यांच्याखालचा थरही मातीचाच आहे. त्यात वनस्पतींचे तंतू आणि भाताचा तूस मिसळलेला सापडतो. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे 2016 साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. शिक्षकांनी मुलांना हे अवश्य सांगावे. आजीच्या पोतेऱ्याखालची माती आणि अजिंठ्याची माती एकाच गोत्राची आहे.

चुना ही मात्र पैसेवाल्याची गोष्ट. वाडा, देऊळ, किल्ला यांच्यासाठी. चुनखडी भट्टीत सुमारे नऊशे अंशांवर भाजायची, पाण्यात विरवायची, मग वाळू घालून घाणीत मळायची. घाट चढून लोहगडावर गेलात तर असा चुन्याचा घाणा पाहायला मिळतो : गोल चर, त्यात फिरणारे दगडी चाक, ओढायला बैल. चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालण्याची रीत होती. सरपण, बैल, गवंडी आणि थांबायची तयारी, इतके सगळे ज्याच्यापाशी असेल त्यानेच चुन्याचा नाद करावा. कारण चुना हवेतला कार्बन वायू शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. त्याला घाई चालत नाही.

बदल आला तो आगगाडीने. 1856 मध्ये गाडी खोपोलीपर्यंत पोचली, 1863 मध्ये बोरघाट चढली. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती मंगलोरी कौले आपल्या घरांवर चढली. म्हणजे छप्पर आधी बदलले, भिंत मातीचीच राहिली. (जाता जाता शिक्षकांसाठी : जुनी कर्जतची माहिती हवी असेल तर 1882 चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर उघडा, कुलाब्याचे नव्हे. तेव्हा कर्जत ठाण्यात होते.)

मग सिमेंट. इंग्लंडात 1824 साली त्याचे पेटंट घेतले गेले. आपल्या देशात 1914 मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून ते बाहेर पडू लागले. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे त्याच्या किमतीवर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण होते. चार पोती हवीत तर परमिटसाठी खेपा. सिमेंटच्या वाटपावरूनच 1982 च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, इतका तो जिन्नस मोलाचा झाला होता. त्याच वर्षी नियंत्रण काहीसे सैल झाले आणि 1989 मध्ये पुरते उठले.

उठले आणि आमच्या वडिलांनी पहिल्यांदा काय केले, तर कच्च्या विटांच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला! मी तेव्हा शाळेत होतो. घर अगदी शहरातल्यासारखे दिसू लागले. भात विकून आलेले पैसे त्यात गेले. दुसऱ्या पावसानंतर भिंतीवर बोटाने टकटक केले की ढोलासारखा आवाज येई. तिसऱ्या पावसात पश्चिमेचा अख्खा पापुद्रा अंगणात उतरला, आणि आतल्या विटांचा चिखल झालेला दिसला. गवंडी म्हणाला, माल कमी पडला असेल. माल कमी नव्हता. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि हवेत सोडते. वरून सिमेंटचे कवच घातले की ती ओल आतच कोंडते. शिवाय कवच ताठ, भिंत मऊ. दोघांची चाल जमत नाही. मातीवर माती, फार तर चुना, आणि सिमेंटच्या भिंतीवर सिमेंट, हे त्या पैशात आम्ही शिकलो.

आता तुमचे घर पक्क्या विटांचे आहे असे धरू. तीस फूट लांब, वीस फूट रुंद, दहा फूट उंच. बाहेरून 1000 चौरस फूट भिंत झाली. आतल्या अंगाला एका हाताचा, 12 मिलिमीटरचा गिलावा, एकास चार माल धरला तर शंभर चौरस फुटांना साधारण एक पोते सिमेंट जाते. बाहेरून दोन हातांचा 20 मिलिमीटरचा करायचा तर हजार फुटांना 16-17 पोती आणि पाऊण ब्रासच्या आसपास वाळू. भाव तुमच्या बाजारातले घाला आणि गुणाकार करा. सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, तेव्हा जुन्या पावतीवरून हिशेब करू नका. जुना गिलावा खरवडणे, परांची आणि मजुरी ही कलमे वेगळी लिहून घ्या. दारे-खिडक्या मापातून वजा करायच्या की नाही हे काम सुरू होण्याआधी ठरवा, भांडण नेहमी तिथेच होते. खाडीची खारी वाळू घेऊ नका. काम झाल्यावर निदान सात दिवस पाणी मारा. म्हणून मी म्हणतो, विहिरीला पाणी आहे तोवर, माघाच्या आत काम उरका.

राहिला अर्जाचा प्रश्न. 1958 चा ग्रामपंचायत कायदा परवानगी मागतो ती घर नव्याने उभारायला किंवा पुन्हा उभारायला. 1966 चा नगररचना कायदा घराच्या आतल्या कामाला आणि बाहेरचे रूप फारसे न बदलणाऱ्या दुरुस्तीला परवानगीतून सूट देतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेतही सफेदी, रंग, कौले बदलणे, जमीन नवी करणे आणि गिलावा ही कामे परवाना नको असलेल्यांत मोजली आहेत. मात्र गिलाव्याच्या निमित्ताने भिंत पाडून पुढे सरकवली, पडवीची खोली केली, तर ते नवे बांधकाम झाले. माथेरानच्या पायथ्याशी 2003 पासून संवेदनशील क्षेत्र जाहीर आहे. तिथल्या गावांनी तर अशा वेळी आधी विचारूनच घ्यावे.

आणखी एक. पंचायतीच्या नमुना 8 मध्ये तुमच्या घराचा वर्ग लिहिलेला असतो : मातीचे, दगड-विटा आणि मातीचे, दगड-विटा आणि चुना किंवा सिमेंटचे, आरसीसीचे. घरपट्टी त्यावरून ठरते. हा वर्ग भिंत कशाने बांधली यावरून आहे, वरून काय फासले यावरून नव्हे, असे मी त्याचे वाचन करतो. गिलावा झाल्यावर घर चकचकीत दिसले म्हणून पुढच्या आकारणीत वर्ग बदलला गेला, तर उतारा मागून घ्या आणि हरकतीची मुदत जाण्याआधी लेखी हरकत द्या. गावातल्या शिक्षकाने असा एक अर्ज मुलांकडून वर्गात लिहून घेतला, तरी चालेल.

आमच्या घराची ती पश्चिमेची भिंत अजून उभी आहे. दोन वर्षांपूर्वी उरलेले सिमेंट खरवडून तिला चुन्याचा हात दिला. गवंडी शोधायला मात्र सहा महिने लागले.