उत्तर न देणारा पत्ता

रिकाम्या घराची कडी वाजवली तर फार तर आतून कोणी ओ देत नाही. यंत्रात मात्र रिकाम्या पत्त्यावर चौकशी केली, तर चौकशी करणाराच कोसळू शकतो. हे माझ्या ध्यानात आले ते युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा (१९७५) मूळ प्रोग्राम वाचताना. हाताशी न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांचे प्रसिद्ध भाष्य होते.

यंत्र सुरू होताच कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, घड्याळ शोधू लागतो. पीडीपी-११ या संगणकात घड्याळ दोन प्रकारचे असू शके. एकाचे रजिस्टर अष्टमान पद्धतीने १७७५४६ या पत्त्यावर, दुसऱ्याचे १७२५४० वर. समोरच्या यंत्रात कोणते आहे, हे प्रोग्रामला आधी ठाऊक नसते. ते वाचूनच पाहावे लागते.

धोका इथेच आहे. पत्त्यावर कोणी नसेल, तर ठरावीक काळ वाट पाहून हार्डवेअर 'ट्रॅप' उभा करते. सामान्य प्रोग्रामची चूक असेल तर कर्नेल त्या प्रोग्रामला आवरतो. पण चूक खुद्द कर्नेलचीच असेल, तर त्याला आवरणारा वर कोणी नाही. सगळे कामकाज तिथेच थांबते.

यावरचा उपाय मोजक्या ओळींचा आहे. 'नोफॉल्ट' नावाच्या एका जागेत आधी परतीचा पत्ता लिहून ठेवायचा, मग वाचायचे. ट्रॅप आलाच, तर तो हाताळणारा भाग प्रथम ही जागा पाहतो आणि ती भरलेली दिसली की त्या पत्त्यावर मुकाट्याने परततो. मधेच कोणी व्यत्यय आणू नये म्हणून तेवढ्यापुरती प्रोसेसरची प्राधान्यपातळी वर नेलेली असते. उत्तर आले नाही याची खूण उणे एक. दोन्ही पत्ते गप्प राहिले, तर 'घड्याळ नाही' असे सांगून यंत्र थांबते.

या खुणेत एक फट आहे. सोळाही बिट एक असलेला शब्द म्हणजेसुद्धा उणे एक. खरे उत्तर आणि मौन एकसारखे दिसू शकते. पहिल्या घड्याळाच्या रजिस्टरात दोनच बिट कामाचे असल्याने तिथे निभावते. शिवाय वाचणे नेहमी निरुपद्रवी नसते: टर्मिनलचे डेटा-रजिस्टर वाचले की 'अक्षर आले आहे' ही खूणच पुसली जाते. म्हणजे शोधकर्त्याने भलत्याच दारात डोकावले, तर कोणाचे तरी अक्षर हरवायचे.

पुढे पीसीच्या जुन्या आयएसए बसवर प्रश्न उलटा झाला. तिथे रिकाम्या पत्त्यावर ट्रॅप येत नाही. बहुधा सगळे बिट एक असलेला बाइट मिळतो. संकट आले ते भलत्या कार्डाला हात लागल्याचे. नेटवर्क कार्ड शोधताना दुसऱ्याच कार्डाचे रजिस्टर छेडले जाई आणि यंत्र गोठे. म्हणून लिनक्समध्ये 'रिझर्व्ह' ही सूचना आली: या पत्त्यांवर चाचपू नका. १९९२च्या पीसीआयने प्रत्येक उपकरणाला ओळख सांगण्याची ठरलेली जागा दिली, आणि सगळे बिट एक असलेला उत्पादक-क्रमांक कोणालाच द्यायचा नाही असा नियम केला. सहाव्या आवृत्तीतली ती फट इथे नियमानेच बुजवली गेली.

हा इतिहास मला धाडसापेक्षा विवेकाचा वाटतो. अज्ञाताला हात लावण्याआधी परतीची वाट लिहून ठेवावी, आणि मौनाला उत्तर समजू नये, एवढे त्या मोजक्या ओळी शिकवतात.