मे महिन्याचा खाडा

आजचा प्रश्न अगदी घरातला आहे. मुंबईत नवराबायको दोघंही नोकरीला, लेकरू पाळणाघरात. शाळांना सुट्टी लागली की पोर महिनाभर कोकणात आजीकडे. मग त्या महिन्याची पाळणाघराची फी द्यायची, की नाही?

आईबाप म्हणतात, "मूल आलंच नाही, तर पैसे कसले?" पाळणाघरवाल्या काकू म्हणतात, "जागा तर तुमच्याच मुलासाठी ठेवली ना?" दोघांचंही पटतं, आणि तिथेच गाडी अडते. मी हा प्रश्न इतिहासात मागे जाऊन बघायचं ठरवलं, कारण हे भांडण पाळणाघरांपेक्षा बरंच जुनं आहे.

माझं आजोळ आंजर्ले, तालुका दापोली. कड्यावरचा गणपती आणि समुद्रकिनाऱ्यावरची कासवं यांमुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गाव पाहिलं असेल. पण या गावाची आणि आसपासच्या सगळ्या पट्ट्याची आणखी एक ओळख आहे : चाकरमानी. रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईला माणसं पुरवली. 1850 च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि पुढची शंभरेक वर्षं कोकणातला पुरुष गिरणीत, तर बायकापोरं, शेती आणि म्हातारी माणसं गावात, अशी कितीतरी घरं दोन ठिकाणी चालली. बोट हर्णै बंदराबाहेर थांबायची, तिथून पडावाने किनाऱ्याला यायचं आणि मग पुढे खाडी ओलांडून आंजर्ले. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे लग्नं, शेतीची भाजावळ, घर शाकारणं, सगळं उन्हाळ्यातच उरकायचं. म्हणून उन्हाळा आला की गिरणगाव गावाकडे निघायचं.

आता गंमत बघा. माणसं गावी गेली म्हणून गिरणी थोडीच थांबणार? त्यांच्या जागी 'बदली' कामगार घ्यायचे. हा बदलीवाला रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा. कुणाचा खाडा पडला तर याला काम, नाहीतर घरी परत. दारात उभं राहण्याचे पैसे शून्य. 1935 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत आणली, पण मूळ तत्त्व तेच राहिलं : काम मिळालं तर दाम.

मग 1953 मध्ये एक महत्त्वाची गोष्ट झाली. औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती आली. कामगार हजर आहे, काम करायला तयार आहे, पण मालकाकडे द्यायला काम नाही, अशा 'ले-ऑफ'च्या दिवसांसाठी त्याला मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होतं त्याच्या निम्मी रक्कम द्यायची, असं ठरलं. अटी होत्या : कारखाना पन्नास किंवा जास्त कामगारांचा हवा, कामगाराची वर्षभराची सलग नोकरी हवी. बदलीवाले आणि हंगामी धंदे यातून वगळलेले. तरी त्यामागचा विचार लक्षात ठेवा. तयार राहणं हेसुद्धा काम आहे आणि त्याची किंमत शून्य नाही, हे कायद्याने मान्य केलं. ती किंमत ठरली निम्मी.

पण कायद्याचं हे छत्र गिरणीच्या दाराशी संपायचं. दाराबाहेर, चाळीच्या खोलीत, चुलीपाशी बसलेल्या बाईचं काय? गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायकाच चालवायच्या, स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत. गिऱ्हाईक गावी गेलं की त्यांचा धंदा बसला. संप झाला तरी तेच. 1974 च्या गिरणी संपात या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवण घातलं. म्हणजे संपाचा भार वाहिला त्यांनीही, फक्त त्यांचं नाव कुठल्या मस्टरवर नव्हतं. त्यातूनच 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या जागी बँकेचं कर्ज मिळवून देणं हे त्याचं पहिलं मोठं काम. घरात बसून इतरांच्या घराचं काम करणारी बाईही धंदा करते, हे बँकेला पटवून द्यावं लागलं!

तुमच्यातले जे पुण्यात मेसला जेवतात, त्यांना 'खाडा' नीट माहीत आहे. चार दिवस गावी गेलात, आधी सांगितलंत, तर मेसवाल्या काकू खाडे कापतात. हे बरोबरही आहे. तुमची पोळी लाटली नाही, तर पीठ वाचलं. पाळणाघराला आपण तोच हिशोब लावतो आणि तिथेच फसतो. दहा मुलांतली दोन गावी गेली म्हणून काकूंचं भाडं दोन दशांशाने कमी होत नाही. मदतनीस बाईचा पगार तेवढाच. आणि लक्ष? आठ मुलांवरही दिवसभर डोळा ठेवावाच लागतो. लक्ष काही पिठासारखं डब्यात भरून जूनसाठी ठेवता येत नाही.

आता पाळणाघराकडेच येते. गिरणीतल्या आईच्या बाळाचा प्रश्न सरकारदरबारी पोहोचायला बराच वेळ गेला. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. आई पाळीवर असताना बाळ झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी द्यायचे. 'बाळगोळी' म्हणायचे तिला. किती गोड नाव आणि किती भयंकर गोष्ट! 1931 मध्ये रॉयल कमिशनने कारखान्यांत पाळणाघरं असावीत अशी शिफारस केली. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 48 ने पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि प्रशिक्षित बाई सक्तीची केली. 1976 मध्ये पन्नासचा आकडा तीसवर आला.

इथे एक बारकावा आहे. कारखान्याच्या पाळणाघरातली बाई कारखान्याच्या पगारावर असायची. मे महिन्यात पाळणे रिकामे राहिले तरी तिचा पगार ठरलेला, कारण तो खर्च मालकाचा होता. आज दादर, ठाणे, डोंबिवली, पुणे इथल्या फ्लॅटमध्ये जी घरगुती पाळणाघरं चालतात, तिथे मधला मालकच गायब आहे. एका बाजूला पगारदार आई, दुसऱ्या बाजूला काकू. सुट्टीचा भार कुणी उचलायचा, हे दोघींनी दारात उभं राहून ठरवायचं. दोघींकडेही पैसे मोजकेच.

आणि तिसरी बाई आपण विसरतोच. ती आंजर्ल्यात आहे. मे महिन्यात आंजर्ल्यात कामाचा नुसता धडाका असतो. आंबे उतरवायचे, कोकमं वाळवायची, फणसाची साठं घालायची, पावसाळ्याआधी लाकूडफाटा भरून ठेवायचा. आता त्यात घरगुती राहण्याची सोय असली तर पर्यटकांचे नाश्ते. त्याच महिन्यात मुंबईची नातवंडं येतात. म्हणजे पाळणाघराचं काम बंद पडत नाही, ते फक्त बोटीने, एसटीने किंवा कोकण रेल्वेने आजीकडे जातं. तिथे त्याची फी नसते, खाडा नसतो आणि रविवारही नसतो. आजीला नातवंडं हवीच असतात, तिला विचारून बघा! पण हवंसं काम हेही कामच असतं.

मग हिशोब कसा करायचा? मला 1953 चा निम्म्याचा नियम इथे फार कामाचा वाटतो. समजा महिन्याची फी 4,000 आहे. मूल पूर्ण मे महिना नाही, तर जागा धरून ठेवण्याचे निम्मे, म्हणजे 2,000. त्यात मुलाच्या खाण्याचा खर्च आपोआप वजा झाला. एकदम देणं जड वाटत असेल तर वर्षाचा आकडा काढा : अकरा महिन्यांचे 44,000 आणि मेचे 2,000, एकूण 46,000. बाराने भागा, दरमहा साधारण 3,833. आईबापांना मे महिन्यात 'न वापरलेल्या' सेवेचे पैसे दिल्यासारखं वाटत नाही आणि काकूंची मेमधली चूल थंड होत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. जी मुलं गावी जात नाहीत, ती एरवी शाळा सुटल्यावर चार तास येतात आणि सुट्टीत दहा तास राहतात. तिथे काकूंनी जास्त मागितले तर कुरकुर करू नका. कमी वेळ तर कमी पैसे म्हणत असू, तर जास्त वेळेचे जास्त द्यायला हवेत.

हे सगळं एप्रिलच्या तीस तारखेला, बॅग भरताना ठरवू नका. प्रवेश घेतानाच बोला आणि दोन ओळी लिहून ठेवा : सुट्टीचे दर काय, किती दिवस आधी सांगायचं, जूनमध्ये जागा पक्की आहे ना. गिरणी कामगाराला हा अर्धा पगार मिळायला गिरण्या सुरू झाल्यापासून जवळजवळ शंभर वर्षं लागली. घरातल्या पाळणाघरासाठी तसा कायदा नाही. तिथे आपला शब्द हाच कायदा.

आणि हो, यंदा पोरांना आंजर्ल्याला सोडायला जाल तेव्हा आजीसाठी नुसता खाऊ नेऊ नका. चार दिवस रजा जास्त काढा, सकाळी पोरांना तुम्ही सांभाळा आणि तिला सांगा, आज तुझा खाडा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!