पट्टी-जोडकाम

पट्टी-जोडकाम ही क्विल्टचा वरचा थर तयार करण्याची एक पद्धत होय. तीत सुटे चौकोन एकेक जोडण्याऐवजी कापडाच्या लांब पट्ट्या प्रथम एकमेकींना शिवल्या जातात. या पट्टीसंचाचे आडवे छेद घेऊन मिळालेले तुकडे उलटसुलट लावून पुन्हा जोडतात. 'नाइन पॅच', 'आयरिश चेन' यांसारख्या नक्षी अशा रीतीने लवकर तयार होतात. मात्र पट्टीतील चूक तिच्यापासून निघणाऱ्या प्रत्येक तुकड्यात उतरते. जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने एकत्र करणाऱ्या गोधडीला मापाचा इतका काटेकोरपणा लागत नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सेमिनोल व मिकोसुकी स्त्रियांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शिलाई यंत्रावर अशा पट्ट्यांची अतिशय बारीक नक्षी विकसित केली. ती पांघरुणांसाठी नव्हे, तर पोशाखांसाठी होती. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने रोटरी कटर बाजारात आणला. त्यानंतर क्विल्टकारांमध्ये ही पद्धत झपाट्याने रूढ झाली.

अडचणी

शिवणीसाठी सोडायची माया सर्वसाधारणपणे पाव इंच असते. अडीच इंचांच्या आठ पट्ट्या जोडल्यास सात शिवणी येतात आणि संचाची रुंदी साडेसोळा इंच भरावयास हवी. प्रत्येक शिवणीत माया केवळ १ मिलिमीटरने अधिक गेली, तरी ती दोन्ही पट्ट्यांतून जात असल्याने संच १४ मिलिमीटरने, म्हणजे अर्ध्या इंचाहून अधिक, अरुंद होतो. नवशिक्यांना ही तूट बहुधा शेवटच्या जोडणीतच कळते. वास्तविक प्रत्येक शिवणीनंतर माप घेणे हाच सोपा उपाय आहे.

दुसरी अडचण संच धनुष्याप्रमाणे वाकण्याची. यंत्राचे दाते खालचे कापड पुढे ओढतात, वरचे किंचित मागे राहते. सर्व टिपा एकाच बाजूने सुरू केल्यास हा फरक साचत जातो; म्हणून एक टीप वरून, तर पुढची खालून सुरू करतात. इस्त्री कापडावर घासून फिरवल्यासही पट्टी ताणली जाते. ती उचलून दाबावी लागते. कापताना दुमडलेल्या कापडाची घडी पट्टीशी काटकोनात नसेल, तर उलगडलेली पट्टी घडीपाशी कोपरासारखी वाकडी निघते.

आडव्या छेदाने टिपा मध्येच तुटतात आणि त्यांची टोके पक्की केलेली नसतात. त्यामुळे टाका सुमारे २ मिलिमीटर इतका लहान ठेवतात, अन्यथा तुकडे हाताळतानाच उसवतात.

'लोन स्टार' या अष्टकोनी ताऱ्याच्या नक्षीत संच ४५ अंशांत कापावा लागतो. अशा तुकड्यांचे काठ उरेब असल्याने सहज ताणतात. आठ पाकळ्या मध्यभागी एकत्र येतात, तेव्हा हा ताण तेथे फुगवट्याच्या रूपाने दिसतो. कापण्यापूर्वी कापडाला खळ दिल्यास तो बराच आटोक्यात राहतो. एकदा आलेला फुगवटा मात्र इस्त्रीने जात नाही, शिवण उसवावीच लागते.