जाळे, घर आणि शब्द : रायगड किनाऱ्यावरील ऐतिहासिक पुरावा

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाब्याच्या, किनाऱ्यावरील कोळी समाजाने आपल्या व्यवसायाची बखर लिहून ठेवलेली नाही. त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन म्हणजे व्यवसायाची परिभाषा होय.

प्रथम डोल घेऊ. समुद्रतळात ठोकलेल्या खुंटांना बांधलेले हे पिशवीसारखे जाळे. त्याचे तोंड प्रवाहासमोर असते आणि बोंबील, जवळा इत्यादींना भरती-ओहोटीचे पाणीच आत लोटते. त्यामुळे उधाणात काम जोराने चालते व भांगात मंदावते. तोंडाशी मोठे असलेले आस शेवटच्या खोल्याकडे बारीक होत जातात. घराची रचनाही अशीच स्थानिक साधनांवर उभी असे: लाकडी मेढी, त्यांवर वासे, आणि कारवीचा शेणमातीने लिंपलेला कूड. जाळे, मेढ, वासा, कूड हे शब्द अनुक्रमे जाल, मेथि, वंश, कुड्य यांपासून परंपरेने आलेले आहेत.

होडीवर व बाजारात मात्र निराळा थर लागतो. नाखवा फारसी नाखुदापासून, तर सुकाणू व खलाशी अरबीतून आले. लिलाव आणि बिजागरी हे शब्द पोर्तुगीज आहेत. चौल-रेवदंड्यास १५२१ पासून १७४० पर्यंत पोर्तुगीजांचा किल्ला होता, आणि समोरच्या कोर्लईत पोर्तुगीजोद्भव बोली आजही बोलली जाते.

१५११ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेल्या मलाक्काच्या मलय भाषेतही नाखोदा म्हणजे तांडेल, लेलांग म्हणजे लिलाव आणि जेंदेला म्हणजे खिडकी. दोन्ही किनारे एकाच सागरी व्यवहारात होते, हे यावरून दिसते. परंतु तेथे फेकजाळ्यास जाला म्हणतात, तो शब्द संस्कृतातून उसना घेतलेला आहे. मराठीत तोच वारसा आहे. रूपसाम्यावरून इतिहास एकच ठरत नाही. तसेच बिजागरी हा शब्द परका म्हणून त्यापूर्वी येथील दारे फिरतच नव्हती, असेही म्हणता येणार नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सणाच्या दोऱ्याची जागा नायलॉनने आणि कुडाची जागा विटा-सिमेंटने घेतली. कोशात ‘कूड’ राहील. पण तो कसा विणावा, कोणत्या बाजूने लिंपावा, हे सांगणारी क्रियापदे त्या कामाबरोबर जातात. म्हणून शब्दसंग्राहकाने नामांपाशी न थांबता, कारागिराचे हात चालू असताना त्याची वाक्ये टिपली पाहिजेत. पुराव्याचा मोठा भाग तेथे आहे.